ग्रेन डीलचं एक वर्ष: युक्रेनला तुर्कस्तानकडून नक्की काय मिळालं

युद्धात अडकलेलं युक्रेनचं धान्य काळ्या समुद्रातून बाहेर काढायचा करार म्हणजे ही ग्रेन डील. 22 जुलै 2022 ला इस्तंबूलच्या दोल्माबाहचे राजवाड्यात तिच्यावर सह्या झाल्या, पण युक्रेन आणि रशिया एकाच कागदावर सही करायला तयार नव्हते. मग दोन वेगळे कागद केले गेले. एकावर युक्रेनचे मंत्री ओलेक्सांद्र कुब्राकोव्ह, दुसऱ्यावर रशियाचे संरक्षणमंत्री सर्गेई शोइगु, आणि दोन्हीवर तुर्कस्तानचे संरक्षणमंत्री हुलुसी अकार आणि यूएनचे सरचिटणीस गुटेरेस. म्हणजे युक्रेनने रशियाला काहीच कबूल केलेलं नाही, रशियानेही युक्रेनला काही नाही. दोघांनी शब्द दिला तो तुर्कस्तानला आणि यूएनला. या प्रकरणातली सगळी ताकद आणि सगळा कमकुवतपणा या रचनेत आहे असं मला वाटतं, म्हणून सुरुवात इथून.

आता थोडं मागे जाऊ. 24 फेब्रुवारी 2022 ला रशियाने हल्ला केला आणि युक्रेनची बंदरं एका झटक्यात बंद पडली. त्या देशाचा शेतमाल बहुतांश समुद्रानेच बाहेर जायचा, रेल्वेने किंवा डॅन्यूब नदीतून तेवढा माल काढणं शक्यच नव्हतं, त्यामुळे जवळपास 2 कोटी टन धान्य सायलोंमध्ये, म्हणजे धान्य साठवायच्या मोठ्या टाक्यांमध्ये, अडकून पडलं आणि त्यात पुढचं पीक तोंडावर आलेलं. जगात विकल्या जाणाऱ्या सूर्यफूल तेलाचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या युक्रेनचा. आपल्याकडे त्या मार्च-एप्रिलमध्ये किराणा दुकानात सनफ्लॉवर तेलाचे भाव बघून ज्यांना धक्का बसला त्यांना हे वेगळं सांगायला नको, भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा सगळ्यात मोठा पुरवठादार युक्रेनच होता, आणि त्यात एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात थांबवली. लेबनॉन, इजिप्त, सोमालिया यांची अवस्था तर आपल्यापेक्षा कितीतरी वाईट, तिथे प्रश्न थेट भाकरीचा होता.

यात तुर्कस्तान का आला? कारण काळ्या समुद्रातून बाहेर पडायचं तर बॉस्फरस आणि दार्दानेल्स या दोन सामुद्रधुनींतूनच जावं लागतं आणि दोन्ही तुर्कस्तानच्या ताब्यात आहेत. 1936 च्या मॉन्त्रो कराराने व्यापारी जहाजांना शांततेच्या काळात मोकळी वाट आहे, पण युद्ध चालू असेल आणि तुर्कस्तान त्यात नसेल तर कलम 19 प्रमाणे लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांना वाट बंद. अपवाद फक्त आपल्या मूळ तळावर परतणाऱ्या नौकांचा. हल्ल्याच्या दिवशीच अंकारामधले युक्रेनचे राजदूत वासिल बोदनार यांनी सामुद्रधुनी बंद करा अशी जाहीर मागणी केली. तुर्कस्तानने तीन-चार दिवस घेतले, आधी परराष्ट्रमंत्री चावुशओलू यांनी हे 'युद्ध' आहे असं स्पष्ट म्हटलं आणि 28 फेब्रुवारीला वाट बंद झाली. बऱ्याच जणांना तेव्हा हे फक्त कागदी वाटलं. पण 14 एप्रिलला युक्रेनने 'मोस्कवा' ही रशियाची काळ्या समुद्रातली मुख्य युद्धनौका बुडवली तेव्हा त्याच वर्गातल्या दोन रशियन क्रूझर भूमध्य समुद्रात होत्या, आणि त्यातली एकही आत येऊ शकली नाही. बुडालेलं जहाज भरून काढायची सोय रशियाकडे उरली नाही ती यामुळे. या मुद्द्याकडे शेवटी परत यावं लागेल.

तुर्कस्तान युक्रेनचा मित्र होता का? होता, पण त्याच्या पद्धतीने. क्रायमिया रशियाने 2014 ला गिळला तो तुर्कस्तानने कधीच मान्य केला नाही, आणि त्यात क्रिमियन तातारांचा प्रश्न आहे, त्या लोकांचे लाखो वंशज तुर्कस्तानात राहतात, तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांना तो विषय सोडून देणं घरच्या राजकारणातही जमणारं नव्हतं. बायराक्तार हे तुर्की ड्रोन युक्रेनने 2019 पासून घेतले, ते बनवणाऱ्या कंपनीत एर्दोगान यांचे जावई आहेत. युद्धाच्या तीन आठवडे आधी, 3 फेब्रुवारी 2022 ला, राजनैतिक संबंधांना 30 वर्षं झाली त्या दिवशी एर्दोगान स्वतः कीव्हमध्ये होते आणि मुक्त व्यापार करारावर सही झाली. हे सगळं खरं. आणि त्याच वेळी तुर्कस्तानने रशियावर निर्बंध लावले नाहीत, आकाश बंद केलं नाही, रशियाचा गॅस घेत राहिला, तुर्कस्तानातला अक्कुयूचा अणुप्रकल्प रशियाची सरकारी कंपनी रोसाटॉमच बांधत राहिली, आणि 2022 मध्ये दोघांचा व्यापार घटायच्या ऐवजी जवळपास दुप्पट झाला. महागाई ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेली, पुढच्या वर्षी निवडणूक, अशा वेळी अंकाराला रशियाशी भांडण परवडणारंच नव्हतं.

युक्रेनला हे दिसत नव्हतं असं नाही. करार व्हायच्या दोनच आठवडे आधी 'झिबेक झोली' नावाचं रशियन झेंड्याचं जहाज रशियाने व्यापलेल्या बेर्द्यान्स्कमधून धान्य घेऊन तुर्कस्तानच्या करासू बंदराजवळ आलं. युक्रेनचं म्हणणं हे आमच्याकडून चोरलेलं धान्य आहे, जहाज धरा. तुर्कस्तानने थांबवलं, आणि मग सोडून दिलं. कीव्हने तुर्की राजदूताला बोलावून निषेध नोंदवला. आणि दोन आठवड्यांनी त्याच तुर्कस्तानच्या राजवाड्यात जाऊन सही केली. मला यात युक्रेनची लाचारी दिसत नाही. हा पूर्ण शुद्धीत केलेला हिशेब होता, कारण रशियाला फोन करून बंदरं उघडायला लावू शकेल असा दुसरा कोणी उरलाच नव्हता. युरोप-अमेरिकेशी रशियाचे संबंध पार बिघडलेले होते, आणि नुसत्या यूएनच्या शब्दावर पुतिन हलणार नव्हते.

व्यवस्था अशी ठरली. ओडेसा, चोर्नोमोर्स्क आणि पिवदेन्नी ही तीनच बंदरं. युक्रेनचे पायलट जहाजाला समुद्रात पेरलेल्या सुरुंगांतून वाट काढून देणार, पुढे ठरलेल्या पट्ट्यातून जहाज बॉस्फरसकडे. इस्तंबूलला एक जॉइंट सेंटर, तिथे चारही बाजूंची माणसं, रशियन आणि युक्रेनियन एकाच इमारतीत. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाची इस्तंबूलजवळ तपासणी, येताना शस्त्रं नाहीत ना हे बघायला, ही रशियाची अट. मुदत 120 दिवस, कोणी नको म्हटलं नाही तर आपोआप पुढे. आणि सोबत रशियाच्या खत-धान्याच्या निर्यातीतल्या अडचणी सोडवायचा यूएनचा एक वेगळा तीन वर्षांचा करार, जो पुढे रशियाचं तक्रारीचं हत्यार बनला.

सहीची शाई वाळायच्या आत, 23 जुलैला, ओडेसाच्या बंदरावर क्षेपणास्त्रं पडली. अकार यांनी सांगितलं की रशियन म्हणतायत आमचा काही संबंध नाही, आणि दुसऱ्या दिवशी मॉस्कोनेच कबूल केलं की हल्ला आमचाच, लष्करी टार्गेट होतं. म्हणजे जामीनदाराला चोवीस तासांत तोंडघशी पाडलं. तरीही तुर्कस्तानने करार मोडला असं म्हटलं नाही, युक्रेननेही नाही. 1 ऑगस्टला 'राझोनी' हे पहिलं जहाज ओडेसातून 26 हजार टनांवर मका घेऊन लेबनॉनसाठी निघालं. मजा अशी नाही, दुःख असं, की लेबनॉनच्या ग्राहकाने उशीर झाला म्हणून तो माल नाकारला. पण जहाज निघालं हे महत्त्वाचं होतं, कारण एक जहाज सुखरूप गेलं की इन्शुरन्सवाले आणि जहाजमालक दुसऱ्याचा विचार करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वेग चांगलाच वाढला.

आता ज्या चार दिवसांसाठी हे प्रकरण मला अभ्यासासारखं वाटतं ते दिवस.

29 ऑक्टोबरच्या पहाटे क्रायमियातल्या सेवास्तोपोलमध्ये रशियन ताफ्यावर हवेतून आणि पाण्यातून ड्रोन हल्ला झाला. रशियाने म्हटलं की यात धान्याच्या वाटेचा वापर झाला, आम्ही करारातला सहभाग स्थगित करतोय. यूएनने सुरक्षा परिषदेत सांगितलं की त्या रात्री त्या पट्ट्यात कराराचं एकही जहाज नव्हतं. पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा हा की चारांपैकी एक बाहेर, आता भरलेली जहाजं सोडायची की थांबवायची? युक्रेन, तुर्कस्तान आणि यूएन तिघांनी मिळून 31 ऑक्टोबरचं वेळापत्रक ठरवलं, रशियाला नुसतं कळवलं, परवानगी मागितली नाही. त्या दिवशी 12 जहाजं युक्रेनच्या बंदरांतून निघाली, साडेतीन लाख टनांहून जास्त माल, करार झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा दिवस. इस्तंबूलजवळच्या तपासण्या यूएन आणि तुर्की माणसांनीच करायच्या ठरवल्या, रशियन निरीक्षकांशिवाय.

विचार करा काय झालं ते. रशिया म्हणतोय सुरक्षेची हमी नाही, आणि समुद्रात 12 जहाजं चाललीयत, आणि त्यांच्यावर कोणी गोळी झाडत नाही. का नाही झाडली? कारण त्यावर गोळी झाडणं म्हणजे थेट एर्दोगान यांच्या शब्दावर गोळी झाडणं, आणि त्या हिवाळ्यात पुतिन यांना बाहेरच्या जगाशी व्यवहाराचा जो मोठा दरवाजा उघडा होता तो तुर्कस्तानचा. 1 नोव्हेंबरला दोघांचं फोनवर बोलणं झालं, शोइगुंनी अकारना फोन केला, आणि 2 नोव्हेंबरला रशिया परत आत. कारण दिलं की युक्रेनकडून लेखी हमी मिळाली. कीव्हने सांगितलं की करारात होतं त्यापलीकडे आम्ही नवीन काही दिलेलं नाही. आणि पुतिन स्वतः म्हणाले की पुढे आम्ही बाहेर पडलो तरी युक्रेनमधून तुर्कस्तानला जाणारं धान्य अडवणार नाही. तुर्कस्तानच्या वजनाची यापेक्षा स्वच्छ कबुली मॉस्कोकडून क्वचितच आली असेल.

पण एक गोष्ट बऱ्याच लेखांत सुटते. 2 नोव्हेंबरसाठी जॉइंट सेंटरने एकही फेरी ठरवलेली नव्हती. म्हणजे तिघांची हिंमत दोन दिवसांची होती, तिसऱ्या दिवशी सगळे थांबले होते आणि फोनची वाट बघत होते. रशियाने तेव्हा आणखी एक आठवडा ताणून धरलं असतं तर काय झालं असतं हे कळायला मार्ग नाही, पण रशियानेही ते दोन दिवस बघितले आणि धडा घेतला असं पुढच्या वागण्यावरून स्पष्ट वाटतं. पुन्हा धाडकन बाहेर पडायचं नाही, आत बसून गळा आवळायचा.

आणि तेच केलं. 17 नोव्हेंबरला करार 120 दिवस पुढे गेला, पण तपासण्या मंद होत गेल्या. शरद ऋतूत दिवसाला दहा-अकरा जहाजं तपासली जायची, 2023 च्या वसंतात ती निम्म्यावर आली आणि कधी त्याहूनही खाली. इस्तंबूलबाहेर जहाजांची रांग, प्रत्येक थांबलेल्या दिवसाचं भाडं, आणि ते भाडं शेवटी युक्रेनच्या शेतकऱ्याच्या भावातून कापलं जायचं. मार्चमध्ये रशियाने म्हटलं 60 दिवसच, युक्रेन म्हणाला 120, तुर्कस्तानने आकडा न सांगता 'वाढवला' असं जाहीर केलं. मे महिन्यात परत 60 दिवस, तेही एर्दोगान यांनीच जाहीर केलं, त्यांच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत. त्याच सुमारास पिवदेन्नी बंदराकडे जाणाऱ्या जहाजांची नोंदणीच होईनाशी झाली, रशियाला अमोनियाची तोल्याती-ओडेसा पाइपलाइन चालू करून हवी होती आणि आपल्या शेतीबँकेला स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-व्यवहारांच्या यंत्रणेत परत घ्यायला हवं होतं. तीन बंदरांचा करार व्यवहारात दोन बंदरांचा झाला आणि तुर्कस्तानने त्यावर जाहीरपणे आवाज चढवला नाही. तुर्कस्तानकडून माझी खरी निराशा झाली ती इथे. तोडून टाकलेला करार सगळ्यांना दिसतो, घोटून मारलेला कोणाला दिसत नाही, आणि ज्याच्या घरात तपासणी चालली होती त्याला ते रोज दिसत होतं.

मग जुलै 2023. एर्दोगान निवडणूक जिंकलेले, रिकामी तिजोरी, पाश्चात्त्य गुंतवणूक हवी, विल्निअसची नेटो शिखर परिषद तोंडावर. 7 जुलैला झेलेन्स्की इस्तंबूलला आले, एर्दोगान म्हणाले युक्रेन नेटोच्या सदस्यत्वाला पात्र आहे, आणि दुसऱ्या दिवशी झेलेन्स्की परतले ते मारिउपोलच्या अझोव्हस्ताल कारखान्यात शेवटपर्यंत लढलेल्या पाच कमांडरांना विमानात सोबत घेऊन. या पाचजणांना सप्टेंबर 2022 च्या कैद्यांच्या अदलाबदलीत रशियाने सोडलं होतं ते युद्ध संपेपर्यंत तुर्कस्तानातच राहायच्या अटीवर, एर्दोगान यांच्या जबाबदारीवर. क्रेमलिनने लगेच म्हटलं हा शब्दभंग आहे. युक्रेनमध्ये त्या दिवशी लोकांना मोठा आनंद झाला, आणि मला तो आनंद पूर्ण न्याय्य वाटतो. पण प्रकरण म्हणून बघताना हेही लिहावं लागतं की ज्या शब्दाच्या बळावर ऑक्टोबरअखेर 12 जहाजं निघाली होती, त्याच शब्दातला एक भाग तुर्कस्तानने स्वतःहून खर्च केला. नऊ दिवसांनी, 17 जुलैला, रशियाने करार संपवला. कमांडर परत आले म्हणून संपवला असं मी म्हणणार नाही, पिवदेन्नीची कोंडी त्याच्या कितीतरी आधीची आहे, निर्णय बहुधा तेव्हाच झालेला होता.

या वर्षभरात 1000 च्या वर फेऱ्या झाल्या, जवळपास 3 कोटी 30 लाख टन माल निघाला, 45 देशांत गेला. सगळ्यात जास्त माल चीनने घेतला, सुमारे 80 लाख टन, मग स्पेन, मग तुर्कस्तान स्वतः. तुर्की गिरण्या जगाला पीठ विकतात, त्यांना हा गहू पाहिजेच होता. 'गरीब देशांना काहीच गेलं नाही' ही रशियाची तक्रार आकड्यांत अर्धवट खरी आहे, पण बाजारात माल आला की भाव सगळ्यांसाठी उतरतो, आणि शिवाय यूएनच्या अन्न कार्यक्रमाने 7 लाख टनांवर गहू इथूनच उचलून इथिओपिया, येमेन, अफगाणिस्तानकडे पाठवला.

आता प्रश्न असा की ऑक्टोबरअखेर केलं तसं जुलैमध्ये का केलं नाही? झेलेन्स्कींनी लगेच म्हटलं होतं की रशियाशिवाय चालू ठेवू. पण फरक होता. ऑक्टोबरअखेर रशियाने 'स्थगिती' म्हटलं, दरवाजा अर्धा उघडा होता. जुलैमध्ये हमी काढून घेतली, युक्रेनकडे जाणारं प्रत्येक जहाज लष्करी माल नेत असल्याचं धरू अशी घोषणा केली आणि रात्री-रात्री ओडेसावर हल्ले सुरू केले, चोर्नोमोर्स्कला 60 हजार टन धान्य एका रात्रीत नष्ट झालं. आणि मग 13 ऑगस्ट. 'सुक्रू ओकान' नावाचं, पलाऊच्या झेंड्याचं पण तुर्की मालकीचं जहाज डॅन्यूबवरच्या इझमाइलला चाललं होतं. रशियन गस्तीनौका 'वासिली बिकोव्ह'ने इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या, हेलिकॉप्टरने सैनिक उतरवले, खलाशांना गुडघ्यांवर बसवलं. तुर्की मालकीचं जहाज, तुर्कस्तानच्या किनाऱ्यापासून फार लांब नाही. अंकाराने काय केलं? काही दिवस गप्प, मग मॉस्कोला 'योग्य तो इशारा दिला' असं शांतपणे सांगितलं. 4 सप्टेंबरला एर्दोगान सोचीला पुतिन यांना भेटले आणि रिकाम्या हाताने परतले. वाट चालू ठेवण्यासाठी आपलं आरमार पुढे करण्याची तुर्कस्तानची तयारी कधीच नव्हती, ऑक्टोबरअखेरही नव्हती, तेव्हा ते तपासायची वेळ आली नाही इतकंच.

युक्रेनने मग स्वतःची वाट काढली. 16 ऑगस्टला 'जोसेफ शुल्ते' हे युद्धाच्या आधीपासून ओडेसात अडकलेलं कंटेनर जहाज किनाऱ्याला चिकटून निघालं, रोमेनियाच्या, मग बल्गेरियाच्या, मग तुर्कस्तानच्या पाण्यातून, म्हणजे मधला बहुतांश रस्ता नेटो देशांच्या हद्दीतला. सप्टेंबरात माल न्यायला बाहेरून जहाजं आत आली. त्या वाटेवर तपासणी नाही, इस्तंबूलची रांग नाही, रशियन माणूस नाही. हे जमलं कारण काळ्या समुद्रातलं सर्पद्वीप (स्नेक आयलंड) हे बेट रशियाच्या ताब्यातून आधीच मोकळं झालं होतं आणि रशियन ताफा समुद्री ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या भीतीने सेवास्तोपोल सोडून रशियातल्या नोव्होरोस्सिस्क बंदराकडे सरकत होता. आणि त्या ताफ्याला बाहेरून कुमक येत नव्हती, कारण फेब्रुवारी 2022 मध्ये बंद झालेली वाट बंदच होती.

म्हणून मला वाटतं की युक्रेनला तुर्कस्तानकडून मिळालेली सगळ्यात मोठी गोष्ट ना ड्रोन, ना ग्रेन डील. कलम 19 ची ती अंमलबजावणी, जिच्यासाठी कुठलाही राजवाडा, कुठलाही फोटो लागला नाही. ग्रेन डीलने युक्रेनला एक वर्ष दिलं, त्या वर्षात शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, जहाजमालकांची भीती मोडली आणि नौदलाला तयारीला वेळ मिळाला. पण तिच्यात रशियाचा नकाराधिकार शिवलेला होता आणि तुर्कस्तानला तो उसवायचा नव्हता, कारण मधला माणूस म्हणून त्याची किंमत त्या नकाराधिकारामुळेच होती.

आणि तीच मॉन्त्रोची अट युक्रेनलाही लागते. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला ब्रिटनने युक्रेनला दिलेली सुरुंग काढणारी दोन जहाजं तुर्कस्तानने सामुद्रधुनीतून सोडायला नकार दिला, युद्ध चालू असेपर्यंत नाही म्हणजे नाही. कीव्हमधल्या अनेकांना ते टोचलं. पण रशियन क्रूझर बाहेर ठेवणारा नियम आपल्या जहाजासाठी वाकवायला सांगितला तर उद्या मॉस्कोही तेच मागेल, हे युक्रेनच्या सरकारला कळत असणार. त्याच महिन्यात 11 तारखेला तुर्कस्तान, रोमेनिया आणि बल्गेरिया यांनी इस्तंबूलमध्ये सुरुंग काढण्यासाठी संयुक्त गट करायच्या करारावर सही केली, त्यात काळ्या समुद्राबाहेरच्या कोणालाही घेतलं नाही, आणि ज्या पट्ट्यातून युक्रेनचं धान्य आता खाली येतं त्याचा बराचसा भाग या तीन देशांच्याच पाण्यात आहे.